दुसऱ्याच्या हत्यारावरचे काम



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय दिला तो ऐकून आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. ज्याने उभा जन्म हमाल आणि मापाडी ह्यांच्या टोळ्या बांधण्यात घालविला, त्याने ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कार्यक्रमांविषयी, आणि ते रचणाऱ्या मुलांनी काय करावे नि काय टाळावे ह्याविषयी बोलावे! आमचे शालेय शिक्षण फार नाही. जे कळले ते मुलांना विचारून विचारून कळले. परंतु ह्या विषयात आमचे नुकसान झालेले आहे, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला बोलण्याचा अधिकार असतो असे आम्ही मानतो. शिवाय आज ह्या सभेत असे पुष्कळ आईबाप बसलेले आहेत, की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी पुण्याला ‘संगणकाच्या कामावर’ आहे. ते काम म्हणजे नेमके काय, हे मुलगा सांगत नाही आणि बाप विचारीत नाही.

इंटरनेटवरचे पान आरंभी फळ्यावर चिकटविलेल्या नोटिशीसारखे होते. वाचा आणि पुढे चला. पुढे त्याच पानावर अर्ज भरणे, बेरीज करणे, नोंद बदलणे सुरू झाले. म्हणजे फळ्याच्या जागी खिडकी आली आणि खिडकीआड कारकून बसला. पण हा कारकून विचित्र होता. एक रकाना भरला की तो अख्खा कागद घेऊन दूरच्या सर्व्हरकडे धावत जाई, आणि तेथून नवा कागद आणी. तोवर आपण ताटकळत बसावे. तेव्हा, निम्मे काम खिडकीतच व्हावे, कागद जागेवरच राहावा आणि आकडे तेवढे जावे-यावे, अशी युक्ती निघाली. मॅक्रोमीडिया ह्या कंपनीने २००२ साली अशा कार्यक्रमांना ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ असे नाव दिले. आम्ही ‘रिच’चा अर्थ श्रीमंत असा घेतला आणि मनात म्हटले, येथेही श्रीमंत आहेतच. वास्तविक त्याचा अर्थ इतकाच, की पानाला हातपाय फुटले.

हे हातपाय ब्राउझरचे स्वतःचे नव्हते. फ्लॅश नावाचा एक वेगळा तुकडा ब्राउझरला जोडावा लागे; त्यास प्लग-इन म्हणत. फ्लॅश मॅक्रोमीडियाकडे १९९६ च्या अखेरीस आला. त्याच्यावर मोठे कार्यक्रम रचण्यासाठी २००४ मध्ये फ्लेक्स निघाले. २००५ च्या डिसेंबरात ही कंपनी ॲडोबीने विकत घेतली. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये सिल्व्हरलाइट हा आपला तुकडा आणला. म्हणजे एकाच बाजारात दोन सावकारांनी हत्यारे भाड्याने द्यावयास आरंभ केला. भाडे मात्र प्रथम शून्य होते, आणि फुकटच्या भाड्याची माणसाला सवय फार लवकर लागते.

आता आमची हकीकत. २०१० साली आमच्या संघटनेची सभासद-वही आणि हजेरी संगणकावर घ्यावी असे ठरले. सिल्लोड तालुक्यातलाच एक मुलगा, शहरात शिकून आलेला, पुढे आला. त्याने फ्लेक्सवर तीन महिन्यांत कार्यक्रम रचून दिला. काय सुरेख होता तो! टोळीच्या नावावर बोट ठेवले की माणसे उलगडत. माणसावर ठेवले की त्याचे महिन्याचे दिवस दिसत. आणि अक्षरे मराठी. ह्या मराठीचे श्रेय त्या मुलाइतकेच काळाला आहे. फ्लॅशच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत देवनागरीचे मोठे हाल होत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूस पडावी, जोडाक्षराचे पाय मोडावेत, असा प्रकार. २००८ च्या ऑक्टोबरात दहावी आवृत्ती निघाली, तीत आपल्यासारख्या लिप्यांकरिता मजकूर मांडण्याची नवी यंत्रणा बसविली गेली. आमचा मुलगा त्या यंत्रणेच्या ओळखीचा होता. आम्ही कचेरीत पेढे वाटले.

ज्या वर्षी पेढे वाटले त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात ॲपलच्या स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी एक उघडे पत्र प्रसिद्ध करून आपल्या फोनवर फ्लॅश का घेणार नाही ते जगाला सांगून टाकले होते. बॅटरी खातो, सुरक्षित नाही, आणि दुसऱ्याच्या मालकीचा आहे, अशी त्यांची कारणे. (त्यांचा स्वतःचा फोन कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न आम्ही तूर्त बाजूस ठेवतो.) २०११ च्या नोव्हेंबरात ॲडोबीने फोनवरचा फ्लॅश थांबविला आणि फ्लेक्स अपाचे नावाच्या लोकसंस्थेच्या स्वाधीन करावयाचे ठरविले. २०१७ च्या जुलैत जाहीर झाले, की ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशची देखभाल संपेल. साडेतीन वर्षांची नोटीस! आमच्या कायद्यात कारखाना बंद करणाऱ्याला एवढी मुदत द्यावी लागत नाही. कंपनीला दोष देण्यास येथे फारशी जागा नाही. नोटीस निघाली होती, पण ती आमच्या कचेरीत पोचली नाही, कारण ती वाचणारा कचेरीत कोणी नव्हता. मुलगा केव्हाच पुण्याला गेला होता आणि कार्यक्रम रोज उघडत होता. रोज उघडणाऱ्या दाराच्या बिजागरीकडे कोण पाहतो?

१२ जानेवारी २०२१ हा जिजाऊ जयंतीचा दिवस, म्हणून कचेरी बंद होती. नेमक्या त्या दिवसापासून फ्लॅशने आपल्या पोटातला मजकूर दाखविणे स्वतःहून बंद केले. तशी तारीखच त्यात घालून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या कारकुनाने संगणक लावला, तो वहीच्या जागी एक करडा चौकोन.

हे दुःख आमचे एकट्याचे नव्हते, हे मागाहून कळले. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज फ्लॅशवर होते. त्या खात्याला त्याच जानेवारीत केवळ ते अर्ज भरण्यासाठी स्वतःचा वेगळा ब्राउझर काढावा लागला. एका शाळेत आम्ही स्वतः पाहिले: धड्यांच्या चित्रांनी भरलेला संगणक, गुरुजी मुलांना सांगत आहेत की पूर्वी ह्यातला बेडूक उडी मारीत असे. पण सरकारजवळ माणसे असतात, आणि बेडकावाचून शाळा थांबत नाही. आमच्याजवळ हजेरी होती.

वहीचा मुख्य भाग वाचला. त्या मुलाने एक शहाणपणा केला होता. नोंदी त्याने फ्लॅशच्या पोटात न ठेवता सर्व्हरवरील साध्या डेटाबेसात ठेवल्या होत्या. फ्लॅश ही निव्वळ खिडकी होती. खिडकी भिंतीत गाडली गेली तरी तिजोरी पलीकडे शाबूत होती. पुण्याहून फोनवर सांगून त्याने दोन दिवसांत सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात उतरवून दिल्या. पण २०२० च्या टाळेबंदीतील काही महिने त्यांत नव्हते. त्या दिवसांत बाजार-आवारात धान्याची ये-जा चालू होती आणि आमची माणसे तोंडाला फडके बांधून पोती वाहत होती. कचेरीतली तार मात्र वरचेवर तुटे. अशा वेळी कार्यक्रम न गेलेल्या नोंदी फ्लॅशच्याच एका लहान खणात संगणकावर साठवून ठेवी आणि तार जुळली की पाठवी. निदान पाठवीत असावा, असे आम्ही समजत होतो. करडा चौकोन दिसल्यावर आम्ही एका दुरुस्तीवाल्यास बोलाविले. त्याने, आता हा निरुपयोगी आणि धोक्याचा म्हणून, फ्लॅश काढून टाकला आणि त्याबरोबर तो खणही साफ केला. त्याने चूक केली असे म्हणवत नाही. खणात काय आहे ते आम्हांलाच ठाऊक नव्हते.

मग मुकादमांच्या खिशातल्या वह्या गोळा केल्या. बहुतेक टोळ्यांचा हिशेब जुळला. एका टोळीची वही पावसात भिजून गेली होती. त्या टोळीतील अकरा जणांचे त्या महिन्यांचे दिवस अखेर अंदाजाने धरावे लागले. त्यातल्या एकाने आम्हांला विचारले, “दादा, पोती मी अंदाजाने उचलली होती का?” ह्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी देता आले नाही.

आपण अजिंठ्याचे लोक. घाट उतरला की फर्दापूर आणि पलीकडे वाघूरच्या वळणावर लेणी. तेथल्या भिंतींची गोष्ट ह्या विषयाला लागू पडते. इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून कित्येक वर्षे येथे राहून त्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करीत होता. त्या विलायतेस गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन आले. १८७२ पासून १८८५ पर्यंत खपून त्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्या पुष्कळ १८८५ मध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या. पुढे हैदराबाद संस्थानने १९२० ते १९२२ ह्या काळात सेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, हे उपकारच झाले. पण चित्रांवर लाखेचे रोगणही दिले. प्रथम चित्रे झळाळली. वर्षे गेली तसे ते रोगण पिवळे पडले, आणि पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते हलक्या हाताने उतरविण्यात किती काळ घालवावा लागला! खाली मातीचा, भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात, त्यावर दगड-मातीचे रंग. तो साधा माल पंधराशे वर्षे टिकला. फ्लॅश हे असे रोगण होते. भिंत म्हणजे ब्राउझरची स्वतःची, सर्वांनी मिळून ठरविलेली भाषा. तीही पूर्वी तोकडी होती, म्हणून रोगण लागले. हे नाकारून चालणार नाही. २०१४ च्या ऑक्टोबरात तिची पाचवी आवृत्ती, एचटीएमएल-५, मान्य झाली तेव्हा चित्र, आवाज, हालचाल हे सगळे भिंतीतच आले.

त्यानंतरच्या बातम्या थोडक्यात सांगतो. सिल्व्हरलाइटची देखभाल १२ ऑक्टोबर २०२१ रोजी संपली. इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर, ज्याच्यावाचून आपल्याकडच्या कित्येक सरकारी खिडक्या उघडत नसत, तो जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. फ्लॅशची जुनी चित्रे चालविण्यासाठी काही स्वयंसेवकांनी रफल नावाचा कार्यक्रम रचला आहे. तो वेबअसेंब्ली ह्या नव्या सोयीवर चालतो, आणि वेबअसेंब्लीला २०१९ च्या डिसेंबरात सर्वमान्य दर्जा मिळाला. म्हणजे शाळेतल्या त्या बेडकाला पुन्हा उडी मारता येईल. गुरुजींना आम्ही तसे कळविले आहे. परंतु खुल्या मालाच्याही नावाने निर्धास्त राहू नये. गूगलचे अँग्युलरजेएस हे सर्वांना मोकळे होते, त्यावर हजारो मुलांची पोटे चालली. त्याचीही देखभाल २०२१ च्या अखेरीस थांबली. फरक एवढाच, की ते ठरल्या तारखेला करड्या चौकोनात गेले नाही. ज्याच्याजवळ ते होते त्याच्याजवळ ते चालत राहिले.

आता ही कामे करणाऱ्या मुलामुलींना, आणि ती करवून घेणाऱ्या पतपेढ्या, शाळा, मंडळे ह्यांना चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली आमच्या अकरा जणांकडून आलेली आहे. तार नसताना नोंद संगणकात किंवा फोनमध्ये थांबवून ठेवण्याची सोय आजच्या ब्राउझरमध्ये उत्तम आहे, आणि आपल्या घाटात ती हवीच. पण किती नोंदी अजून गेलेल्या नाहीत तो आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत सदैव दिसला पाहिजे. ‘न पोचलेल्या नोंदी : ७’. कारकुनाला तो आकडा दिसता तर संगणक कोणाच्या हाती देण्यापूर्वी त्याने चार वेळा विचार केला असता. आणि हा खण कायमचा समजू नये. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०२० पासून असा नियम केला आहे, की सात दिवस वापरूनही त्या स्थळाकडे माणूस फिरकला नाही, तर तेथील कार्यक्रमाने ठेवलेला साठा पुसला जावा. खण राखून ठेवण्याची विनंती ब्राउझरला करता येते. ती करावी, आणि मान्य झाली की नाही ते पाहावे.

दुसरी गोष्ट मराठीची, आणि हिच्यात आम्ही जरा रेंगाळणार आहोत. पुष्कळ कचेऱ्यांत अजून जुन्या फाँटांतल्या फायली पडून आहेत. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. फाँट काढला की मराठीचा कचरा होई. युनिकोडमध्ये देवनागरी अगदी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ज्यांनी अजून जुन्या फायली उतरवून घेतल्या नाहीत त्यांनी ह्याच वर्षी घ्याव्यात. उतरविताना ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतला भेद शाबूत राहिला का ते डोळ्यांनी तपासावे. समुद्र आणि अजिंठ्याचा घाट ह्यांची अदलाबदल व्हावयास वेळ लागत नाही. नावांची यादी लावताना नुसत्या संकेतांकांचा क्रम धरला तर क्षीरसागर ‘क’मध्ये जाऊन बसतो आणि आपला म्हातारा मुकादम त्याला यादीच्या शेवटी शोधीत राहतो, ‘भाषा मराठी’ असे यंत्रास सांगितले, तर क्रम लावणारी सोय आज तयार मिळते. देवनागरी आकडे टाकले तर ते आकडे म्हणूनच घ्यावेत. आमच्या एका सभासदाने वय ‘५२’ असे लिहिले, आणि खिडकीने त्याला ‘कृपया संख्या भरा’ असे सुनावले. तो दुसऱ्यांदा त्या खिडकीकडे गेला नाही.

बाकीच्या दोन गोष्टी चटकन आटपतो. काम देताना कागदावर लिहून घ्यावे, की नोंदी साध्या तक्त्यात, कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, मागाल तेव्हा मिळतील. हे ज्याला जमत नाही त्याला काम देऊ नये. आणि कार्यक्रम कोणकोणत्या हत्यारांवर उभा आहे त्यांची यादी, प्रत्येकाची देखभाल कधीपर्यंत आहे त्या तारखेसह, कचेरीच्या भिंतीवर लावावी. दिनदर्शिकेशेजारी.

आता राहिला तो मुलगा. त्याच्याविषयी बोलण्यासाठीच आम्ही खरे तर हा विषय स्वीकारला. आमच्या तरुणपणी शहरातल्या छापखान्यांतले खिळे जुळविणारे कंपोझिटर आमच्या संघटनेत होते. बोटांना डोळे असावेत तसे ते केसमधून खिळे उचलीत. पडद्यावर अक्षरजुळणी आली आणि ती बोटे एका पिढीत बेकार झाली. मालकांनी नवी यंत्रे घेतली, पण जुन्या हातांना ती शिकविण्यासाठी पगारी महिना कोणी दिला नाही. आणि आम्हीही तो पुरेशा जोराने मागितला नाही, हे आज कबूल करतो. आम्ही यंत्र येऊ नये म्हणून भांडलो. ते येणारच होते. भांडावयाचे होते ते शिकण्याच्या तासांसाठी.

आमचा मुलगा पुण्यात फ्लेक्सवर उत्तम पगार मिळवीत होता. २०११ नंतर दोन वर्षांत त्याच्या अर्जांना उत्तरे येईनाशी झाली. दिवसा जुन्या गिऱ्हाइकांच्या जुन्या खिडक्या सांभाळावयाच्या आणि रात्री अकरापासून दोनपर्यंत नवी भाषा शिकावयाची, असे त्याने दीड वर्ष काढले. ह्या रात्री कोणाच्या हजेरीत लागल्या नाहीत. गिरणीत माग बदलला तर मालक नव्या मागावर हात बसेपर्यंत वेळ देतो, निदान देणे भाग पाडता येते; येथे माग दर तीन-चार वर्षांनी बदलतो आणि हात बसविण्याचा खर्च कामगाराच्या झोपेतून वसूल होतो. वातानुकूलित खोलीत बसतो म्हणून तो कामगार नव्हे, असे तो स्वतःही समजत होता. आम्ही त्याला विचारले, तुझे हत्यार कोणाचे? वेळ कोणाचा? रजा देणारा कोण? तिन्ही उत्तरे देऊन तो गप्प बसला. मग म्हणाला, “दादा, पण आम्ही एकत्र कसे यायचे? शेजारच्या टेबलावरचा माणूस सहा महिन्यांत बदलतो.” हमालांच्या टोळ्याही अशाच विस्कळीत होत्या, एवढेच आम्ही त्याला सांगितले. तेव्हाही उत्तर एका बैठकीत सापडले नव्हते.

मुलांना ह्यातून एक व्यवहाराची सूचना: भिंतीची भाषा अगोदर पक्की शिका, रोगण मागाहून. फ्लेक्सवाल्यांपैकी ज्यांना ब्राउझरची मूळ भाषा ठाऊक होती ते सावरले. ज्यांना फक्त डबीतला रंग ठाऊक होता त्यांना पहिलीपासून शाळा करावी लागली. आणि नोकरी धरताना पगाराबरोबर हेही विचारा, की नवे शिकण्याचे तास कामाच्या वेळेत धरता का. एकट्याने विचाराल तर साहेब हसेल. दहा जणांनी एकाच आठवड्यात विचारून पाहा.

आमची नवी वही त्याच मुलाने रचून दिली आहे, साध्या भिंतीच्या भाषेत. पहिलीइतकी सुरेख नाही. नावे उलगडत नाहीत, नुसती एकाखाली एक येतात. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती कागदावर छापली जाते, प्रत्येक टोळीचा मुकादम आपल्या पानावर सही किंवा अंगठा करतो, आणि तो गठ्ठा लोखंडी पेटीत जातो. गेल्या महिन्याच्या छपाईत त्या अकरांपैकी एकाचा एक दिवस कमी लागला होता. त्याने पान हातात घेऊन बोटाने ओळ दाखविली आणि कारकुनाने त्याच्यासमोर तो दुरुस्त केला.